ती तुमच्याकडे आली तर

विदर्भातल्या खेड्यात लैंगिक अत्याचार झालेली बाई सहसा आधी पोलीस ठाण्यात जात नाही. ती कोणाजवळ तरी बोलते. ती कोणीतरी म्हणजे आशाताई, अंगणवाडीची बाई, बचत गटातली सोबतीण, नाहीतर वेचणीच्या टोळीतली वयाने मोठी बाई. गावात नव्याने असं काम हाती घेतलेल्यांसाठी हे लिहिलं आहे. तुम्ही वकील नाही, डॉक्टर नाही, पोलीसही नाही. तुमचं काम तिचे सगळे रस्ते वेळेत उघडे ठेवायचं आहे. कोणत्या रस्त्याने जायचं, ते ती ठरवेल. याला अपवाद एकच, अठरा वर्षांखालच्या मुलांचा. त्याबद्दल पुढे येईलच.

पहिलं बोलणं

ती सरळ सांगणार नाही. पोट दुखतं म्हणेल, पाळी चुकल्याची गोळी मागेल, किंवा "माह्या मैत्रिणीसंग असं झालं" म्हणून सुरुवात करेल. सासू समोर असेल तर तेवढंही बोलणार नाही. म्हणून आधी जागा शोधा. खेड्यात एकांत मिळणं फार कठीण, कोण कोणाच्या घरी किती वेळ बसलं हे सगळ्या आळीला माहीत असतं. सुट्टीनंतरची अंगणवाडी, उपकेंद्राची मागची खोली, वावराकडे जाताना सोबत चालणं, यातलं जे कोणाच्या डोळ्यांवर येणार नाही ते निवडा.

मग ऐका. "तू सांगितलं ते बरं केलं माय. तुही काही चूक नाही." सुरुवातीला एवढं पुरे. किती वाजता, कोणते कपडे, तिथं गेलीच काहून, हे प्रश्न नकोत. तपास करणं तुमचं काम नाही, आणि प्रत्येक नव्या माणसापुढे पहिल्यापासून सांगावं लागणं हाच तिच्यासाठी वेगळा त्रास असतो. तुम्हाला तीनच गोष्टी कळायला हव्यात: हे कधी झालं, तिला कुठे लागलं आहे का, आणि आज रात्री ती झोपणार ती जागा सुरक्षित आहे का. तिसरा प्रश्न नवे लोक हमखास विसरतात. करणारा बहुतेक वेळा ओळखीचाच असतो, दीर, शेजारी, मुकादम, ज्याच्या वावरात ती निंदायला जाते तो. कधी कधी तो त्याच घरात राहतो.

"ओरडली काहून नाही?" हा प्रश्न तर जिभेवर येऊच देऊ नका. भीतीने माणसाचं अंग गोठतं, आवाज फुटत नाही. याच प्रश्नाचा विदर्भाला मोठा इतिहास आहे. २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात दोन पोलिसांनी एका आदिवासी मुलीवर अत्याचार केला. तिचं नाव पुढे देशभर घेतलं गेलं, मी इथे घेत नाही. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडलं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी धरलं, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. कारण तेच: अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही. १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी त्या निकालाविरुद्ध सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. आजच्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की शरीराने प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून संमती होती असं धरता येत नाही. कोर्टाने सोडून दिलेला प्रश्न आपण घराच्या ओसरीवर तिला परत विचारायचं काही कारण नाही.

"मी कोणालेच सांगणार नाही" असं वचनही देऊ नका, निदान ती अठरा पूर्ण आहे हे कळेपर्यंत. "तुले विचारल्याशिवाय मी गावात कोणाजवळ बोलणार नाही" एवढं म्हणा. ते तुम्हाला पाळता येईल.

बहात्तर तास

दवाखाना पोलीस ठाण्याच्या आधी येतो. घरात पुरुषमंडळी "आधी रिपोर्ट का आधी दवाखाना" असा वाद घालत बसतात, तेव्हा मी सरळ घड्याळ दाखवते. गर्भ राहू नये म्हणून दिली जाणारी गोळी ७२ तासांच्या आत घ्यायची, आणि जितकी लवकर तितकी चांगली. ही गोळी आशाताईच्या पेटीत असते. एचआयव्हीपासून बचाव करणारी औषधंही ७२ तासांच्या आतच सुरू व्हावी लागतात, खरं तर पहिल्या काही तासांतच, आणि पुढे २८ दिवस रोज घ्यावी लागतात. ही औषधं प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळतीलच असं नाही. निघण्याआधी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात फोन करून विचारा, नसतील तर थेट जिल्हा रुग्णालय गाठा. शिवाय धनुर्वाताचं इंजेक्शन, काविळीच्या बी प्रकाराची लस आणि गुप्तरोगांवरचा औषधोपचार, हे सगळं नाव घेऊन मागा. न मागता सगळं मिळेल अशा भरवशावर राहू नका.

अंतर हा आपल्याकडचा खरा शत्रू आहे. धारणीहून अमरावती, भामरागडहून गडचिरोली, हे काही तासाभराचे रस्ते नाहीत. पावसाळ्यात पर्लकोटा नदी फुगली की भामरागडचा रस्ताच बंद होतो. शेवटची एसटी गेली असेल तर १०८ ला फोन करा. काळीपिवळीत दहा ओळखीच्या माणसांमध्ये तिला बसवून नेऊ नका, तालुक्याला पोचण्याआधी बातमी पोचलेली असेल.

निघताना कपड्यांचं बघा. अंगावरचे कपडे धुवायचे नाहीत. बदलले असतील तर कागदी पिशवीत किंवा कोऱ्या कागदात गुंडाळून सोबत घ्या, प्लॅस्टिकच्या थैलीत नको. ओले असतील तर आधी सावलीत वाळवा, दमट राहिले की पुरावा कुजतो. शक्य असेल तर तपासणीपर्यंत आंघोळ टाळावी. पण तिने आंघोळ केली, कपडे धुतले, चार दिवस गेले, म्हणून "आता काय उपयोग" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. शरीरावरचे नमुने साधारण ९६ तासांपर्यंत घेतले जातात, जखमा त्यानंतरही दिसतात, आणि उपचार तर कधीही लागतातच.

दवाखान्यात तीन ठिकाणी अडतं.

एक म्हणजे "पोलीस केस आहे, आधी ठाण्यात जाऊन या." हे चूक आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ प्रमाणे सरकारी असो की खासगी, प्रत्येक रुग्णालयाने अशा बाईवर ताबडतोब आणि मोफत उपचार करायचे आहेत, आणि नकार देणं हा न्याय संहितेच्या कलम २०० खाली गुन्हा आहे. पोलिसांना कळवण्याची जबाबदारी रुग्णालयाची असते. ते कळवतील. पण तिला तक्रार द्यायची नसेल तर तसं ती सांगू शकते, तिचा नकार लिहून घेतला जातो आणि उपचार चालू राहतात. हे तिला दवाखान्याच्या दारात शिरण्याआधीच समजावून सांगा, नाहीतर खाकी कपडे दिसताच ती उठून निघून जाईल.

दुसरं म्हणजे संमती. तपासणीच्या प्रत्येक भागासाठी तिला विचारलं गेलं पाहिजे, एखादा भाग ती नाकारू शकते. स्त्री डॉक्टर मागता येते. मिळाली नाही तर महिला कर्मचारी हजर ठेवून तपासणी होते, स्त्री डॉक्टरसाठी दोन दिवस थांबण्यात अर्थ नाही. मात्र अठरा वर्षांखालच्या मुलीची तपासणी स्त्री डॉक्टरनेच करायची, हा नियम आहे.

तिसरं, बोटांची तपासणी, म्हणजे बाईला आधीपासून शरीरसंबंधांची सवय आहे का हे ठरवायला योनीत दोन बोटं घालून बघणं. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ती तिच्या खासगीपणावरचा घाला ठरवली आणि २०२२ मध्ये सांगितलं की ती करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल. या लढ्यात आपल्या भागाचा वाटा मोठा आहे. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातले न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी या तपासण्या किती अशास्त्रीय पद्धतीने होतात यावर अहवाल लिहिला, त्याच्या आधारे २०१० मध्ये नागपूर खंडपीठात जनहित याचिका झाली. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने २०१४ मध्ये तपासणीची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. "सवय आहे का" अशा अर्थाचा शेरा कोणी कागदावर लिहीत असेल तर तिथेच शांतपणे हरकत घ्या.

उशिरा कळलं आणि दिवस गेलेले असतील, तर अत्याचारातून राहिलेला गर्भ २४ आठवड्यांपर्यंत कायद्याने काढता येतो. बाई सज्ञान असेल तर तिची एकटीची संमती पुरते, नवऱ्याची किंवा बापाची सही लागत नाही. अल्पवयीन मुलीसाठी पालकाची संमती लागते. गर्भपाताआधीच डॉक्टरांना आणि तक्रार झाली असेल तर पोलिसांना सांगून ठेवा, म्हणजे डीएनएसाठी नमुना जपून ठेवला जाईल. नंतर आठवण झाली तर काही करता येत नाही.

ठाणं

तक्रार द्यायची ठरली, तर कोणत्याही ठाण्यात देता येते. घटना दुसऱ्या हद्दीतली असली तरी शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून ते पुढे पाठवतात. ठाणेदार गावातल्या वजनदार माणसाच्या बैठकीतला असेल, तर शेजारच्या तालुक्यात जाणं हा शहाणपणा आहे. तिचं म्हणणं महिला अधिकारी लिहून घेईल, आणि प्रथम खबरीची (एफआयआरची) प्रत फुकट मिळेल. ती हातात पडल्याशिवाय उठू नका.

एक तरतूद पाठच करून ठेवा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ प्रमाणे बलात्काराच्या गुन्ह्यात तिचा जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल त्या जागी, शक्यतो महिला पोलिसाने घ्यायचा असतो. तो आईवडील, जवळचे नातेवाईक किंवा त्या भागातल्या सामाजिक कार्यकर्त्याच्या समोर घेतात. म्हणजे तुमची तिथली हजेरी मेहरबानी नाही, कायद्यात आहे. "तुम्ही बाहेर बसा" म्हटलं की हे कलम सांगा, आवाज न चढवता.

जबाब तिच्या शब्दांत जाऊ द्या. नव्या कार्यकर्त्यांना, विशेषतः शिकलेल्यांना, तिचं बोलणं "नीट" करून सांगायची फार हौस असते. ती "ढोरं घरी आली तवा" म्हणाली तर तसंच लिहून घ्यायला सांगा, "अंदाजे सायंकाळी ६.३० वाजता" नको. खेड्यात वेळ एसटीवर, ढोरांवर, दिवाबत्तीवर चालते. तिने न सांगितलेला अचूक आकडा दोन वर्षांनी उलटतपासणीत तिच्याच गळ्यात अडकतो. ती कोलामी, कोरकू, माडिया बोलत असेल तर तिच्या भाषेचा माणूस सोबत न्या, पण तो आरोपीच्या नात्यातला किंवा गावपुढारी नसावा. बाई मूकबधिर किंवा मतिमंद असेल तर जबाब तिच्या सोयीच्या जागी, दुभाष्या किंवा विशेष शिक्षकासमोर आणि चित्रीकरण करून घ्यायचा असतो. पुढे न्यायदंडाधिकाऱ्यासमोर आणखी एक जबाब होतो, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ चा. तो का होतो हे आधी सांगून ठेवा, नाहीतर "माह्यावर विश्वास नाही म्हणून पुन्हा विचारतात" असं तिला वाटतं.

ती अनुसूचित जाती किंवा जमातीची आणि करणारा त्याबाहेरचा असेल, तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याची कलमं पहिल्याच दिवशी लागली पाहिजेत. तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जातो आणि समाजकल्याण विभागाकडून टप्प्याटप्प्याने वेगळं अर्थसाहाय्य मिळतं. आपल्याकडे "आधी नोंद तर होऊ द्या, ते मागून टाकू" म्हणतात. मागून टाकायला पुन्हा चार खेटे घालावे लागतात.

गुन्हा नोंदवायला नकार मिळाला तर तक्रार लेखी करून पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवा, पावती ठेवा. तिथेही हललं नाही तर न्यायदंडाधिकारी आहेत. अशी खबर न नोंदवणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याला न्याय संहितेच्या कलम १९९ खाली सहा महिने ते दोन वर्षं शिक्षा आहे. हे कलम आठवणीत असलं की बोलण्यात नुसता एक ठामपणा येतो, बहुधा तेवढ्यावर काम होतं.

नवऱ्याकडूनच जबरदस्ती होत असेल, तर सज्ञान बायकोच्या बाबतीत तो अजूनही बलात्काराचा गुन्हा धरला जात नाही. मला हे अजिबात पटत नाही, पण तिला खोटी आशा लावण्यापेक्षा खरं सांगितलेलं बरं. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा लैंगिक छळही मोजतो. त्यासाठी संरक्षण अधिकाऱ्याकडे जायचं.

मूल असेल तर

अठरा वर्षांखालची मुलगी किंवा मुलगा, मुलगासुद्धा, यांच्या बाबतीत पोलिसांना कळवणं पोक्सो कायद्याने, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याने, प्रत्येकावर बंधनकारक आहे. दडवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आश्रमशाळेतले, वसतिगृहातले लोक "संस्थेची बदनामी" म्हणून दाबू पाहतात, त्यांना हे आधी सांगा. मुलाचा जबाब घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी, साध्या कपड्यातल्या पोलिसाने घ्यायचा, आणि रात्री मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही. बालकल्याण समितीकडून मुलासाठी सहाय्यक व्यक्ती मागून घ्या, ती तपास आणि खटला संपेपर्यंत सोबत राहते. १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन कधीही लागतो.

गावची बैठक

आता सगळ्यात अवघड भाग. तुम्ही ठाण्यातून परत याल तोवर चावडीवर माणसं जमलेली असतील. तंटामुक्त समितीचा अध्यक्ष, पोलीस पाटील, दोन्हीकडचे पाहुणे. बोलणं ठरलेलं असतं: पोरीचं आयुष्य पडलं आहे, कोर्टकचेरीत काय मिळणार, काही रक्कम घ्या, नाहीतर त्याच्याशीच लग्न लावून टाका. हे सगळे वाईट लोक असतात असं नाही, काहींना खरोखर वाटतं की आपण भलं करतो आहोत. पण बलात्काराचा गुन्हा आपसात मिटवता येत नाही. समिती, ग्रामसभा, जातपंचायत, कोणालाच तो अधिकार नाही. कोर्टांनीही लग्न किंवा तडजोड सुचवू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये बजावलं आहे. मग चावडीची काय कथा.

बैठकीत तिला नेऊ नका. तुम्हीही एकट्या जाऊ नका. गटातल्या दोघी-तिघी जा, आणि शक्य तर पोलीस पाटलाशी आधी वेगळं बोला. गुन्ह्याची खबर ठाण्याला देणं हे त्याचं पदाचं काम आहे, मिटवणं नाही, याची आठवण एकांतात दिली तर तो ऐकतो. चारचौघांत दिली तर त्याला मान राखण्यासाठी उलट बोलावं लागतं.

व्हॉट्सअ‍ॅप गटावर नाव, फोटो किंवा ओळख पटेल अशी कोणतीही खूण टाकणाऱ्याला न्याय संहितेच्या कलम ७२ खाली दोन वर्षांपर्यंत कैद आहे. "न्याय मिळालाच पाहिजे" म्हणून तिचा फोटो लावलेला फलकही यात येतो. तालुक्याच्या पत्रकाराला नुसतं नाव गाळून चालत नाही. हजार लोकवस्तीच्या गावाचं नाव, तिची इयत्ता आणि बापाचा धंदा छापला की सगळं सांगून झालं. मोर्चा काढायचा तर आधी तिला विचारा. नको म्हणाली तर मोर्चा नको, कितीही मोठा पुढारी येणार असला तरी.

पुढचे महिने

पहिल्या आठवड्यात सगळे येतात. मग सोयाबीन काढणीला येतं, कापूस फुटतो आणि ती घरात एकटी पडते. झोप न लागणं, जेवण न जाणं, उगाच चिडणं, अंग दुखणं, चालता चालता दचकणं, हे महिनोन् महिने चालू शकतं. घरचे "बाहेरचं लागलं" म्हणून देवऋष्याकडे नेतात. भांडत बसू नका, सोबत डॉक्टरकडेही नेऊ द्या एवढं मागा. १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतीच्या क्रमांकावर मराठीत मोफत बोलता येतं.

घरातलं फवारणीचं औषध हलवा. आपल्या कापसाच्या मुलखात कीटकनाशकाची बाटली घराच्या कोपऱ्यात, कधी खाटेखाली असते. ती शेजारी किंवा वावरातल्या कोठ्यात कुलूपबंद करायला घरातल्या भरवशाच्या माणसाला सांगा, आणि हे पहिल्याच दिवशी करा. तिला सरळ विचारा, "जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटते का?" विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही, आधीच असला तर बोलून मोकळा होतो. हो म्हणाली तर तिला एकटी सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

घर सुरक्षित नसेल तर जिल्ह्याच्या सखी वन स्टॉप सेंटरमध्ये काही दिवसांचा निवारा, समुपदेशन आणि कायद्याची मदत एकाच ठिकाणी मिळते. १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन केला की जोडून देतात. वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, क्रमांक १५१००. बाईला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. मनोधैर्य योजनेचा अर्जही तिथेच. राज्य सरकारची ही योजना २०१३ पासून आहे, मदत कमाल दहा लाखांपर्यंत, पण बरीचशी रक्कम मुदतठेवीत ठेवतात. हे आधीच सांगा, म्हणजे "पैसे घेतले" अशी गावात कुजबुज झाली तर तिला उत्तर माहीत असेल. बँक खातं तिच्या एकटीच्या नावावर हवं.

खटला उभा राहिला की तारखा पडतात. साक्ष बंद दाराआड होते, हे तिला माहीत नसतं. आधी एकदा कोर्ट दाखवून आणा, कुठे बसायचं, कोण काय विचारेल, आरोपी कुठे असेल. तारखेच्या दिवशीची मजुरी बुडते, गटाच्या पैशातून प्रवासाची सोय करून ठेवा. शिक्षा होईलच असं बोलू नका, ते तुमच्या हातात नाही.

तुमच्याही घरी बोलणी बसतील. "तुले काहून पंचायत?" नवरा विचारेल, दुकानदार उधारी बंद करेल. म्हणून या कामात किमान दोघी असाव्यात. आणि वहीत तिचं नाव लिहू नका, वही कोणाच्याही हाती पडते.

काही जणी अर्ध्यावरून मागे फिरतात. घरचं दडपण, लग्न ठरणं, नुसता थकवा, काहीही कारण असेल. सज्ञान बाईचा तो निर्णय आहे, रागवू नका, आणि तिला भेटणं थांबवू नका. दवाखान्याचे कागद, खबरीची प्रत, पोस्टाची पावती असं सगळं एका पिशवीत घालून ती म्हणेल तिथे ठेवा, बहुधा माहेरी किंवा मावशीकडे. तक्रार दिलीच नसेल आणि वर्षाने तिला द्यावीशी वाटली, तरी देता येते. बलात्काराच्या गुन्ह्याला मुदतीची अट नाही, उशीर झाला म्हणून ठाण्यात नाकारता येत नाही. फक्त उशीर का झाला ते तिच्या शब्दांत जबाबात लिहून घ्यायला सांगा.